नसीमचा उजवा हात

अमरावतीचं ते मैदान आता मैदान राहिलेलं नाही. तिथे लग्नाचं लॉन झालंय. परवा माझ्या शाळेतल्या पोरींना घेऊन खो-खोच्या स्पर्धेला गेले होते. सामना दुपारीच आटोपला, हरलो हे वेगळं सांगायला नको. पोरी गिला वडा खायला पळाल्या आणि मी एकटीच पाय नेतील तिकडे निघाले. पाय दुसरीकडे कुठे नेणार होते?

आदल्या दिवशीचं लग्न उरकलेलं होतं. झेंडूच्या माळा एका कोपऱ्यात ओल्या पडून आंबल्या होत्या. दोघं जण हिरव्या गालिच्यावर पाइपनं पाणी मारत होते. आमचं होम प्लेट, म्हणजे बॅट मारणारीची जागा, जिथे होतं तिथे नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या मांडलेल्या होत्या. चौकीदारानं विचारलं, "मॅडम, कोन्या पार्टीचे?" मी म्हटलं, "मुलीकडची." तो गेला.

मग मी खुर्च्यांच्या मागे गुडघे वाकवून उकिडवी बसले, कॅचर बसते तशी. गुडघे कटकन वाजले. समोर अठरा-वीस पावलांवर फेटे ठेवायचं टेबल होतं. तिथे उभं राहून आमची पिचर नसीम माझ्याकडे बघायची, म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या मिटकडे, झेलायच्या जाड हातमोज्याकडे. पाच वर्षं कोणी एवढ्या एकाग्रतेनं माझ्या तळहाताकडे बघितलं होतं, आणि त्यानंतर कधी कोणी बघितलं नाही. मला एकदम बसवेना. उठले, रस्त्यावर आले. पोरींना दुसऱ्या बाईंच्या हवाली केलं आणि सांगितलं, अकोल्याला काम आहे. काम काही नव्हतं. बसमध्ये चढल्यावर कळलं की मी अकोल्यालाही थांबणार नाहीये.

आता हे बेसबॉलचं प्रकरण आधी सांगून टाकते, नाहीतर अर्धे लोक क्रिकेट समजून वाचतील. आम्ही सांगायचो तेव्हा लोक विचारायचे, "थे अमेरिकेतलं?" हो, तेच. पण ते आमच्याकडे शाळेच्या खेळांच्या यादीत शिरलं होतं, आणि ज्या शाळेत मैदान मोठं आणि सर हौशी तिथे ते रुजलं होतं. पिचर फेकते, समोरची पोरगी बॅट मारते, आणि तिच्या मागे बसून कॅचर झेलते. तीन वेळा चुकलं की बाद. मी कॅचर झाले त्याचं कारण एवढंच की मी जाड होते आणि मला धावायचा कंटाळा होता. शेंदूरजनाघाटच्या शाळेत सरांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "तू मागं बस." बसले ती बसलेच.

आमची संत्र्याची बाग. घरी सगळे झाडांसारखेच, जागचे हलत नसत. मीच काय ती गावाबाहेर पडले. तालुक्याला जिंकलो, जिल्ह्याला जिंकलो आणि विभागाच्या स्पर्धेसाठी अकोल्याला गेलो. तिथे तेल्हाऱ्याच्या शाळेची एक काटकुळी पोरगी फेकायला उभी राहिली. डोक्याला ओढणी घट्ट बांधून वर टोपी. पायातले बूट नक्की भावाचे. मी मनात म्हटलं, ही काय फेकणार. तिनं मला तीनदा बाद केलं. तिसऱ्यांदा तर चेंडू सरळ माझ्या पोटाकडे येत होता, मी मागे सरकले, आणि तो वाट बदलून मधून निघून गेला. मी चिडून बॅट आपटली. ती तिथूनच शांतपणे म्हणाली, "बॅटीवर काहून राग काढून राहिली व?" त्या रात्रीच्या जेवणात मी तिच्या ताटाकडे पाठ करून बसले होते. मला ती अजिबात आवडली नव्हती.

तो चेंडू वळायचा कसा, ते दोन वर्षांनी कळलं, जेव्हा आम्ही दोघी अमरावतीच्या एकाच कॉलेजात आणि एकाच होस्टेलच्या खोलीत येऊन पडलो. नसीमचे अब्बा पिंजारी. खांद्यावर धुनकी, कापूस पिंजायचं मोठं धनुष्य, टाकून गावोगाव हिंडायचे, लोकांच्या दबलेल्या गाद्यांतला कापूस पिंजून पुन्हा भरायचे. शाळेकडे चेंडू दोनच, तेही उसवलेले. अब्बांनी ते गादीच्या सुईनं आणि मेण लावलेल्या गादीच्या दोऱ्यानं शिवून दिले. टाका जाड, उठून आलेला. नसीमची बोटं त्या जाड टाक्यावर बसली आणि चेंडू वळायला लागला. एकदा एका अंपायरनं चेंडू हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "हा बेसबॉल आहे का उशी?" अब्बा प्रेक्षकांत बसले होते. ते उठून नम्रपणे म्हणाले, "साहब, अंदर का माल वही है."

पण वरच्या पायरीवर नवे चेंडू मिळतात. विद्यापीठाच्या संघात आलो तेव्हा खोक्यातून काढलेला पांढराशुभ्र गुळगुळीत चेंडू नसीमच्या हातात दिला आणि तिचा हात आंधळा झाला. चेंडू वळेचना. सरळ जायचा, आणि सरळ चेंडू कोणीही मारतं. मला वाटतं त्या पावसाळ्यात ती रोज थोडी रडत असेल, पण मला दिसू दिलं नाही. रोज पहाटे मैदानावर आम्ही दोघीच. चिखल, कुत्री, आणि दूर रस्त्यावरून नांदगाव पेठेच्या कामगारांची गाडी जायची तिचा हॉर्न. ती फेकायची, मी झेलायची. शंभर. दीडशे. माझा डावा तळहात सुजून भाकरीएवढा व्हायचा. मी म्हणायची, "बस झालं आता." ती म्हणायची, "तू बसलेलीच हायेस. आणखी काय बसशीन?"

मिटला सरकीचं तेल लावायचो, खोबरेल परवडत नाही म्हणून. त्याला एक दमट, ढेपेसारखा वास यायचा. अजूनही कुठे ढेपेचं पोतं उघडलं की मला ती खोली दिसते. दोरीवर वाळणारे मोजे, खिडकीत नसीमचा अत्तराचा फाया, माझ्या घरून आलेली संत्री खाटेखाली ओळीनं मांडलेली. ती संत्र्याची साल हातांना चोळायची, तेलाचा वास जावा म्हणून. सुट्टीनंतर तेल्हाऱ्याहून आली की तिच्या केसांत कापसाचे तंतू असायचे. मी ते वेचत बसायची आणि ती मला त्यांच्या धुनकीचा आवाज तोंडानं काढून दाखवायची. टँव, टँव, टँव. ती म्हणायची की तिचा खांदा त्या धुनकीवर तयार झालाय. लहानपणापासून लाकडी ठोकळ्यानं धुनकीची ताणलेली तात ठोकायची, अब्बांचा हात दुखला की. मला ते खरं वाटायचं. तिचा चेंडू माझ्या मिटमध्ये शिरायचा तेव्हा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जायचा.

ती वर्षं चांगली नव्हती. कापूस आणि संत्रं दोन्हीचे भाव एकदम बसले ती वर्षं. होस्टेलच्या पोरी सुट्टीवरून परत आल्या की एकमेकींना घरचं विचारत नसत. आमच्या फर्स्ट बेसवरची मुलगी, दर्यापूरकडची, एका सोमवारी परत आली नाही. सरांनी तिच्या जागी दुसरी उभी केली आणि शिट्टी वाजवली. एसटीत लोक बोलत नसत, नुसते खिडकीबाहेर बघत. खेड्यात दवाखान्याची पांढरी गाडी शिरली की बाया दारात येऊन उभ्या राहायच्या, कोणाच्या घरापुढे थांबते ते बघायला. लोक नव्या गाद्या भरेनासे झाले, जुन्याच उलट्या करून अंथरू लागले, आणि अब्बांची धुनकी दिवसचे दिवस खुंटीला. नसीम सांगायची हसत हसत, पण सांगून झाल्यावर चेंडू जोरात फेकायची.

म्हणून राज्याच्या संघात जाणं हा तिच्यासाठी नुसता खेळ नव्हता. राज्याकडून खेळलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात, वनखात्यात जागा मिळते. तिनं ठरवलं होतं, पोलिस. मी विचारलं, "तू आन् पोलिस? चोराले काय करशीन?" ती म्हणाली, "पळाला त गोटा हाणीन. वीस पावलांवरून बी चुकत नाई मी." हे मात्र खरं होतं. नवा चेंडूही आता तिचं ऐकू लागला होता. विद्यापीठ झालं, पश्चिमेकडच्या विद्यापीठांची स्पर्धा झाली, तिथे तिनं पुण्याच्या पोरींना रडवलं. राज्याचं शिबिर अमरावतीलाच होणार होतं, त्याची यादी तेवढी लागायची राहिली होती. आणि तेव्हाच तिचा खांदा दुखायला लागला.

सरांनी सांगितलं, बर्फ लाव, दोन दिवस थांब आणि मग रोज थोडं थोडं फेक. सरळ, शहाणं सांगणं होतं. बर्फ आम्ही गोळेवाल्याकडून आणला. तो सरबताच्या हातानं दिलेला, त्यामुळे नसीमचा खांदा दोन दिवस लाल होता. दुखणं काही हललं नाही. तेव्हा मी माझं शहाणपण काढलं. मी संत्र्याच्या घरची. आमच्याकडे झाडाला बहर यावा म्हणून थंडीत त्याचं पाणी तोडतात, महिना-दीड महिना. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, मान टाकतात. नवख्याला वाटतं झाड मेलं. त्या दिवसांत बाबा आम्हाला बागेत हात धुऊ देत नसत, तेवढंही पाणी बुंध्याशी नको म्हणून. मग एका सकाळी ते पान हातात चुरून बघायचे, नारळ फोडायचे आणि पाणी सोडायचे. पण एकदम भरपूर नाही. आधी हलकं, त्याला आंबवणी म्हणतात. काही दिवसांनी थोडं जास्त, ती चिंबवणी. मग पोटभर. तीन आठवड्यांत झाड फुलांनी पांढरं होतं आणि सगळ्या शेंदूरजनाघाटात असा वास सुटतो की डोकं जड व्हावं.

"तुह्या हाताले ताण देऊ," मी म्हटलं. "तीस दिवस चेंडूले हात लावाचा नाई. सगळा जोर आत जमा होते. मंग पाह्य कसा फुलते."

ती खूप हसली. "मी काय झाड हाये?"

"झाडापेक्षा काय वेगळी हायेस? उभीच राह्यते."

"आन् पाणी कोन देईन?"

"मी देईन. शिबिराच्या धा दिवस आंधी. पह्यले जवळून, वीस फेकी, हलक्या. मंग चाळीस. मंग पुरा जोर."

"तू येशीनच ना मैदानावर?"

"येईन ना बाप्पा."

तिनं उजवा हात ओढणीत बांधून गळ्यात अडकवला, खरंच, आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या हातानं जेवू लागली. अब्बांना कळलं असतं तर रागावले असते, म्हणून ते आले की हात सोडायची. आमच्या बागेलाही त्याच आठवड्यात ताण दिला होता. मी मनात दोन्हीचे दिवस मोजत होते.

सहाव्या दिवशी यादी लागली. नसीमचं नाव तिसरं होतं. मी सगळी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. कॅचर दोन घेतल्या होत्या, एक नाशिककडची, एक सांगलीची. नसीम माझ्या शेजारीच उभी होती. तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, "वा. पार्टी पाह्यजे." मी चांगलं हसले. मला माहीत आहे मी चांगलं हसले, कारण तिलाही बरं वाटलेलं दिसलं.

त्या दिवसापासून माझं मन कुठे लागेना. खोलीत बसवत नव्हतं, मैदानावर जाववत नव्हतं. तिचा तो बांधून ठेवलेला हात बघितला की मला वाटायचं, तो माझ्या तळहातावर मोठा झालाय आणि आता दुसरीच्या मिटमध्ये जाणार. पाच वर्षं मी उकिडवी बसले ती कशासाठी? हे मी कोणाला बोलले नाही. नसीमला तर नाहीच. चार दिवसांनी बॅग भरली आणि म्हटलं, घरी बाग वाळून राहिली, बाबाले मदत पाह्यजे. ती म्हणाली, "जा व. पण तारखेले येजो."

बाग वाळत होती हे खोटं नव्हतं. त्या वर्षी ताण बरोबर बसला होता, पानं बरोबर पिवळी झाली होती, आणि पाणी सोडायच्या दिवशी विहिरीनं नुसता गाळ वर दिला. बाबा मोटार बंद करून काठावर उभे राहिले. मग रोज उभे राहू लागले. बोअर मारणारी गाडी आली, तीन जागी धूळ उडवून गेली. गावात सगळीकडे तीच घरघर, तीच राखाडी भुकटी पानांवर. मी बाबांच्या मागे मागे फिरायची, काही कामाची नसताना. आईनं एकदा विचारलं, "तुले परत जाचं होतं ना?" मी म्हटलं, "नाई, काई घाई नाई." दिवस मी मोजतच होते. तिसावा गेला. एकतिसावा गेला.

चौतिसाव्या दिवशी एसटीडीवाले काका सायकलवरून बागेपर्यंत आले. घामाघूम. म्हणाले, "अमरावतीहून फोन हाये, कोन्या नसीमचा. अर्ध्या घंट्यानं परत करते म्हने. चाल माह्यासंग." बाबा पलीकडे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मी खाली बसून एका झाडाच्या आळ्यातली माती उगाचच उकरत होते. मी मान वर न करता म्हटलं, "काका, सांगा तिले, बागेत कामात हाये. येतो म्हनावं."

"कधी येतो म्हनू?"

"एवढंच सांगा. येतो म्हनावं."

काका सायकल वळवून गेले. मी तशीच बसून राहिले. मला तेव्हा दुःख झालं नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही. मला बरं वाटलं होतं. तिला माझी गरज लागतेय याचं बरं वाटलं होतं, आणि मी जात नाहीये याचंही.

मी होस्टेलला परतले तेव्हा आंबिया बहराचे, संत्र्याच्या फुलांचे, दिवस येऊन गेले होते, म्हणजे यायला हवे होते ते. खोलीत तिची खाट रिकामी. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं सांगितलं. शिबिराच्या पहिल्याच सकाळी निवड करणाऱ्यांनी पिचरना फेकायला लावलं. नसीमनं चाळीस दिवस हात हलवला नव्हता. तिनं सरळ पूर्ण जोरानं फेकलं. नवव्या का दहाव्या चेंडूला खांद्यातून आवाज आला. त्या मुलीनं तो आवाज तोंडानं काढून दाखवला आणि मी तिला खोलीबाहेर जायला सांगितलं.

दोन आठवड्यांनी अब्बा नसीमची पेटी न्यायला आले. जिन्यात चपला काढून, टोपी सारखी करून खोलीच्या दारात उभे राहिले. "बेटी, उसकी कौनसी है?" मी दाखवली. मी खाली न्यायला हात लावू लागले तर ते म्हणाले, "रहने दो, हल्की है." जाताना जिन्यात वळले आणि म्हणाले, "नसीम ने तुमको सलाम बोला है." मी मान हलवली. ते गेल्यावर मी तो सलाम कितीतरी वर्षं घोळवला. तिनं खरंच सांगितला असेल, तर तिला राग नाही. खरंच सांगितला असेल, तर मी पत्र का लिहीत नाही? पत्र लिहिलं नाही. त्या उन्हाळ्यात बाबांनी बागेतली दोन-तृतीयांश झाडं तोडली. आरीच्या आवाजात मी बी.पी.एड.चा अभ्यास केला, पास झाले, शाळेत लागले. पोरींना खो-खो शिकवते. बेसबॉल शिकवत नाही, आमच्याकडे साहित्य नाही असं सांगते.

तर परवा अकोल्याला बस बदलली. तेल्हाऱ्याची गाडी लागलेलीच होती. दोन्ही बाजूंनी कापूस वेचणीला आला होता, बायांच्या पाठीवर पांढरी ओझी. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोनाकडे जाऊन राहिल्या?" मी म्हटलं, मैत्रिणीकडे. ती म्हणाली, "बरं हाये." मला उतरून पळून जावंसं वाटत होतं. वाटेतल्या अडगावपर्यंत मी तीनदा ठरवलं की याच गाडीनं परत फिरायचं.

तिला शोधायला वेळ लागला नाही. पिंजाऱ्याची नसीम म्हटल्यावर पहिल्याच माणसानं बोट दाखवलं. दुकानाच्या पाटीवर गादी, रजई, उशी. मागच्या खोलीत विजेवरचं पिंजण्याचं यंत्र घरघरत होतं, आणि सगळ्या हवेत बारीक कापूस. ती पुढे जाजमावर बसून गादीला टाके घालत होती. अंग भरलंय. चष्मा. केसांत कापूस आहे की ते पांढरेच झालेत, लांबून कळेना. तिनं वर बघितलं, सुई तशीच गादीत खोचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिली.

"काय व, संत्रेवाली," ती म्हणाली. "जाड झाली."

"आंधीच होती."

"आता जास्त झाली. बस."

बसले. तिनं यंत्र बंद करायला लावलं. चहा आला. अब्बा गेले त्याला किती वर्षं झाली ते तिनं सांगितलं, मी बाबांचं सांगितलं. बाग आता कोणाकडे आहे, तिची मुलगी कितवीत आहे, माझ्या शाळेची वेळ काय. सगळं बोलून झालं आणि काही उरलं नाही. मी चहाची बशी खाली ठेवली. 

"नसीम, तेव्हा मी बागेसाठी नव्हती थांबली," मी म्हटलं. "यादीत माह्यं नाव नव्हतं. म्हणून नाई आली."

"मले मालूम होतं."

"कवापासून?"

"एसटीडीवाल्या काकानं सांगतलं ना फोनवर, येतो म्हने. म्या विचारलं कधी, त थो चूप. मंग मले समजलं." तिनं सुई काढून पुन्हा टाका घातला. "तरी म्या वाट पाह्यली. शिबिराच्या दिवशी सकाळी गेटवर उभी होती. तुह्या गावाकडच्या, वरूडच्या दोन गाड्या येऊन गेल्या. आत पुकारून राहिले, मी म्हटलं, माही कॅचर येऊन राहिली, थांबा थोडं. थे म्हने, कॅचर आमच्यापाशी हाये. मंग गेली."

 एवढ्या वर्षांत मी तिच्या त्या सकाळचं सगळं मनात रंगवलं होतं, चेंडू, खांदा, आवाज. गेट कधी आलं नव्हतं त्यात.

"अब्बांनी तुहा सलाम सांगतला होता मले," मी म्हटलं.

"अब्बानं मनानं सांगतला असन. म्या नव्हता सांगतला." तिनं दोरा दातानं तोडला. "लय राग होता मले. सात-आठ वर्सं त होताच. तुह्या नावानं गाद्या ठोकल्या म्या."

"आता?"

"आता काय. आता काम रायते."

मी म्हटलं, "चुकलं माह्यं." ते इतकं छोटं निघालं की मला स्वतःचीच लाज वाटली. ती हो म्हणाली. नुसतं हो. त्यात रागही नव्हता आणि माफीही नव्हती, हिशोब बरोबर आहे असं सांगावं तसं. मी निघायचं म्हणून ओढणी सारखी केली, पण निघवेना.

तेवढ्यात एक बाई दुकानाच्या पायरीवर आली, कडेवर तान्हं. पाळण्यातली गादी हवी होती. नसीम गुडघ्यावर हात टेकून उठली. गाद्यांच्या फळ्या भिंतीला थेट छतापर्यंत, आणि लहान गाद्यांचं गाठोडं सगळ्यात वरच्या फळीवर. तिनं डावा हात उंचावला, तो पोचला नाही. उजवा तिनं उचललाच नाही. तो खांद्याच्या वर जात नव्हता, तेव्हापासून तसाच राहिला होता.

"थे वरचं काढ व," ती मला म्हणाली. "माह्या हातानं होत नाई."

मी स्टुलावर चढले. गाठोडं हलकं होतं, धुळीनं भरलेलं. खाली देताना विचारलं, "रोज कोन काढून देते?"

"जो येते थो."

मी तशीच स्टुलावर उभी होते. शेजारी आणखी एक गाठोडं होतं. न सांगताच मी तेही ओढलं आणि तिच्याकडे धरलं.

"एकच पाह्यजे," नसीम म्हणाली. "थे ठेव वापस."